गुडघ्याएवढं रेडवुड

अहो, आज सकाळी भिला आणि रमण कुदळ घेऊन दारात उभे राहिले.

मी म्हटलं, काय रे, आता काय राहिलंय? तेरावं झालं, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला, मुक्ता पुण्याला परत गेली. भिलानं डोक्यावरची टोपी काढली आणि खाली बघत म्हणाला, "वहिनी, साहेबांनी सांगेल होतं. शटडाउनच्या पहिल्या दिवशी या म्हणे, झाड हलवायचंय. म्हणून येल आहे आम्ही." रमणच्या हातात पहार होती आणि खांद्यावर चार रिकामी गोणपाटं. तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले, आणि तुमचे दोन्ही फिटर तुमचा हुकूम पाळायला आठच्या ठोक्याला हजर. जिवंतपणी तुम्ही माझं एक काम वेळेवर केलं नाहीत.

मी चिडलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या एकोणीस दिवसांत हे मला कुणी बोलूच दिलेलं नाही. जो येतो तो सांगतो, साहेब म्हणजे देवमाणूस. साहेब नुसत्या आवाजावरून सांगायचे कुठल्या मशीनचं बेअरिंग चाललंय. मी मान हलवते, चहा देते. अख्ख्या शेडच्या गोंगाटात तुम्हाला एका बेअरिंगची कुरकुर ऐकू यायची हे मलाही माहीत आहे. मग स्वतःच्या छातीतली ऐकू आली नाही का, असं विचारावंसं वाटतं. विचारत नाही, कारण उत्तर आता माझ्याकडे आहे. आली होती. चांगली ऐकू आली होती. त्याकडे येतेच, पण आधी झाडाबद्दल बोलायचंय. आठ वर्षं आपण त्या झाडावरून भांडलो, ते भांडण तुम्ही असं अर्ध्यात टाकून गेलात.

कोइमतूरला मशीन बघायला म्हणून कंपनीनं पाठवलं होतं तुम्हाला. लोक तिकडून बायकोला साडी आणतात. तुम्ही एक दिवस मोकळा मिळाला म्हणून वर निलगिरीत गेलात आणि ओल्या टॉवेलात गुंडाळून वीतभर रोप घेऊन आलात. दोन दिवसांच्या प्रवासात ते मांडीवर होतं म्हणे. दारात चप्पल काढायच्या आधी सांगायला सुरुवात केलीत, "हे रेडवुड आहे. याची मूळ जात तीनशे फुटांवर जाते, जगात याहून उंच झाड नाही. पण ही बुटकी जात आहे, घरच्या बागेसाठी. अगदी सावकाश वाढते. पाच-सहा वर्षांनी गुडघ्याला लागेल." मी विचारलं, मग याचा उपयोग काय? तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी तुमच्या आईबद्दल काही बोलले.

त्यानंतर मी मुक्ताच्या अ‍ॅडमिशनसाठी चार दिवस पुण्याला गेले. परत आले तर पडवीसमोरच्या कोपऱ्यातला माझा कढीपत्ता जागेवर नव्हता.

तो कढीपत्ता कुठला होता हे तुम्हाला माहीत होतं. लग्नानंतर आपण सिल्वासाजवळ नरोलीला एका खोलीत राहायचो. पत्र्याची खोली, पलीकडे कंपनीची पोरं, एका नळावर अकरा बिऱ्हाडं. त्या चाळीची मालकीण ज्योत्स्नाबेन. मला तेव्हा गुजराती येत नव्हतं आणि तिला मराठी. पण तिच्या अंगणातल्या कढीपत्त्याला फुटलेलं पिलू तिनं मला मुळासकट काढून दिलं होतं. ते मी आधी तेलाच्या डब्यात वाढवलं आणि टोकरखाड्याला हे रो-हाउस घेतल्यावर सगळ्यात आधी जमिनीत लावलं. सामान आत यायच्या आधी. तो माणसाच्या उंचीचा झाला होता. तुम्ही तो उपटलात. "उपटला नाही, मागच्या बाजूला हलवला," हे तुमचं म्हणणं. मागच्या बाजूला दुपारचं ऊन पत्र्यावरून परतून येतं. पंधरा दिवसांत तो वाळला. "त्या कोपऱ्यात सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर सावली, अशी जागा अख्ख्या घरात दुसरी नाही," असं तुम्ही समजावून सांगत होतात, आणि मला हेच कळत नव्हतं की अशी जागा एकच आहे तर ती माझ्या झाडाकडून काढून का घेतली.

त्या दिवसापासून मी प्रत्येक फोडणीला मोठ्यांदा म्हणायचे, "आज कढीपत्ता नाही, रेडवुड घालू का?" तुम्ही वर्तमानपत्र वर करायचात. आठ वर्षं मी हे म्हटलं, आणि आठ वर्षं तुम्ही एकदाही "चुकलं" म्हणाला नाहीत.

आणि त्या झाडाचे लाड काय वर्णावेत! त्याला थंडावा लागतो, त्याच्या देशात धुकं असतं, म्हणून कंपनीच्या भंगारातून नोझल आणून तुम्ही त्याच्या भोवती फवाऱ्याची कडी केलीत. मे महिन्यात सिल्वासात कुत्रंसुद्धा गटारातून उठत नाही, आणि आमच्या दारात एक झाड धुक्यात बसलेलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्ही व्हर्निअर कॅलिपर घेऊन त्याच्यापुढे मांडी घालून बसायचात, कारण त्याची वाढ पट्टीवर दिसायचीच नाही. एका फांदीला पितळी बिल्ला बांधला होतात, कंपनीत पंपाला बांधतात तसा. त्यावर नंबर ठोकलेला: आर डब्ल्यू ०१. कंपनीचं जुनं रजिस्टर आणलं होतंत. दिनांक, उपकरण, निरीक्षण, कारवाई, सही. शेजारचे पटेलकाका कुंपणावरून विचारायचे, "साहेब, केटलं वधलं?" तुम्ही गंभीरपणे मिलिमीटरमध्ये सांगायचात आणि तेही गंभीरपणे मान हलवायचे. मी आतून बघत असायचे. हसू यायचं, पण तुम्हाला दिसू द्यायचे नाही.

एक कबूल करते. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, दुपारी लाईट गेले होते आणि मी ओट्यापाशी घामानं निथळत होते, तेव्हा तुम्ही आत येऊन माझा हात धरलात आणि बाहेर नेलंत. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या झाडाच्या दोन बाजूंना मांडलेल्या. इन्व्हर्टरवर फवारा चालू. आपण दोघं त्या गुडघ्याएवढ्या झाडाच्या धुक्यात तासभर बसलो. त्याच्या कोवळ्या टोकांवर सायीसारखा पांढरट रंग असतो, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला. तुम्ही विचारलंत, "बरं वाटतंय का?" मी म्हटलं, "कपडे भिजले." बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. ते सांगायचं राहिलं.

आता शटडाउनबद्दल. हा शब्द माझ्या घरात तुम्ही आणलात, आणि त्यानंच माझं घर बुडवलं. नाशिकच्या माझ्या बहिणीला मी दरवर्षी समजावून सांगायचे: धाग्याची मशीनं वर्षभर थांबत नाहीत. दिवाळीत कामगार गावाला जातात, आठवडाभर प्लांट बंद राहतो, आणि वर्षभराची साठलेली सगळी मोठी दुरुस्ती मेंटेनन्सवाले त्या आठवड्यात उरकतात. जगाला दिवाळी, तुम्हाला शटडाउन. पण घरातल्या प्रत्येक गोष्टीलाही तुम्ही तेच उत्तर द्यायला लागलात. गच्चीची टाकी गळते? शटडाउनमध्ये बघू. मुक्ताला भेटायला जायचं? शटडाउननंतर. आणि कुठल्याच शटडाउनमध्ये तुम्ही घरातलं एकही काम केलं नाहीत, कारण त्या आठवड्यात तुम्हाला जेवायला वेळ नसायचा. अंगाला उटणं लावून घ्यायचात ते कंपनीचे बूट पायात घालूनच. हे मला दिसत होतं, तुम्हालाही दिसत होतं. तरी दर वेळी म्हणायचात आणि दर वेळी मी मान हलवायचे. म्हणजे मूर्ख मीही होतेच.

खंडेनवमीला तुम्ही कंपनीत पूजेला गेलात. कॉम्प्रेसरला झेंडूचा हार घातलात, नारळ फोडलात, सगळ्यांना खोबऱ्याचे तुकडे वाटलेत आणि स्टुलावर बसलात. नंतर उठला नाहीत. मी इथे दसऱ्याच्या श्रीखंडासाठी चक्का टांगून ठेवला होता. भिलाचा फोन आला तेव्हा तो नुसता रडत होता. चक्का तसाच नळाला लटकत राहिला. तिसऱ्या दिवशी आंबट वास सुटल्यावर पटेलकाकूंनी उतरवला.

डॉक्टर म्हणाले, अचानक झालं. सगळे म्हणाले, अचानक. मीही पंधरा दिवस तेच धरून बसले होते. अचानक या शब्दाचा मला मोठा आधार होता. त्यात कुणाची चूक नसते.

पंधराव्या दिवशी मुक्ता म्हणाली, "आई, बाबांचं झाड सुकायला लागलंय, त्या फवाऱ्याचा व्हॉल्व्ह कुठला?" मला माहीत नव्हतं. म्हणून तुमचं रजिस्टर काढलं, त्यात फवाऱ्याचा नकाशा होता. नकाशा सापडला. मग मागची पानं चाळली. तिथे एक नवीन उपकरण होतं. नंबर ०२. नाव लिहिलेलं नव्हतं.

तुमचं अक्षर मी तीस वर्षं ओळखते, तरी पहिली ओळ तीनदा वाचली. "जिना चढताना छातीत दाब. दोन मिनिटं थांबलो. गेला." कारवाईच्या रकान्यात: शटडाउन. खाली सही. पुढची ओळ आठवड्यानंतरची. "डाव्या खांद्यात कळ. पंप हाउसपर्यंत चालताना." कारवाई: शटडाउन. सही. मग "कंपनीच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले अँजिओग्राफी करून घ्या." कारवाई: शटडाउन. सही. अशा अकरा ओळी, अहो. अकरा! आषाढापासून. त्यातली एक ओळ गौरी-गणपतीतली आहे, ज्या दिवशी तुम्ही "पोट जड झालंय" म्हणून जेवायला बसला नाहीत आणि मी चिडले होते, की मी पुरणाचा एवढा घाट घातला आणि तुम्हाला किंमत नाही.

मला सांगायचं नाही, एवढं काय होतं त्यात? मी काय केलं असतं? आरडाओरडा केला असता, मान्य. तुमचा हात धरून त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं. तेच तुम्हाला नको होतं. तुमच्या हाताखालच्या पोरानं असं रजिस्टर लिहिलं असतं, अकरा वेळा तक्रार आणि अकरा वेळा पुढे ढकललं, तर तुम्ही त्याला गेटबाहेर काढला असता. त्या पोराला तुम्ही काय बोलला असता ते मला तोंडपाठ आहे. ते सगळं मी त्या दिवशी मोरीत नळ सोडून तुम्हाला बोलले, मुक्ताला ऐकू जाऊ नये म्हणून.

आणि त्याखाली ०३.

"०३. कढीपत्ता. मूळ जागी नवीन लावणे. नरोलीला ज्योत्स्नाबेनच्या मुलाशी बोललो, पिलू देतो म्हणाला. रेडवुड मागे हलवणे. ऊन सोसणार नाही बहुतेक. गेलं तर गेलं." कारवाई: शटडाउन, पहिला दिवस, भिला व रमण. सही.

गेलं तर गेलं. आठ वर्षं मिलिमीटर मोजलेलं झाड. ते तुम्ही माझ्यासाठी सोडायला निघाला होतात आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. भिलाला, रमणला, ज्योत्स्नाबेनच्या मुलालासुद्धा. हरायचंच होतं तर माझ्यासमोर हरला असतात. मी दोन दिवस टोमणे मारले असते, तिसऱ्या दिवशी साखरभात केला असता. रजिस्टरच्या मागच्या पानावर हरून तुम्ही मला जिंकूही दिलं नाहीत.

तर आज सकाळी हे दोघं दारात उभे. मी बाजूला झाले. रमणनं झाडाभोवती पहारीनं गोल आखला, साहेबांनी सांगितलं होतं तसा, मुळांपासून हातभर अंतर सोडून. मला म्हणाला, "बेन, चिंता नका करू. किलवणीला आमच्या वाडीत आंबापण असाच हलवलाय, धीरे धीरे काढू." भिला मागच्या बाजूला खड्ड्याची जागा बघायला गेला आणि परत येताना पडवीच्या तीन पायऱ्या चढून खांबाला हात लावून उभा राहिला. तोंडानं श्वास घेत.

तीन पायऱ्या, अहो.

मी विचारलं, "काय होतंय रे?"

"काही नही वहिनी. पायऱ्या चढलो ना, जरा दम लागला."

"कधीपासून लागतो?"

"झाले असतील दोन महिने. खांदा भरून येतो जरासा." मग माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाला, "शटडाउन झाला का दाखवतो ना. आता कसं जमेल, साहेब पण नही, सगळं काम आमच्यावरच."

मला त्यानंतरचं नीट आठवत नाही. रमण म्हणतो, मी भिलाच्या हातातली कुदळ हिसकावून अंगणात फेकली. म्हणतो की मी ओरडले ते रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं. मी काय ओरडले ते त्यानं सांगितलं नाही, लाजला बिचारा. मला एवढं आठवतं की भिला "वहिनी, कपडे तर बदलू द्या" म्हणत होता आणि मी त्याला दंडाला धरून रिक्षात कोंबत होते. सगळ्या टोकरखाड्यानं बघितलं असेल. साहेब जाऊन महिना झाला नाही आणि मॅडम फिटरला ओढत नेतायत. बघू देत. ते सगळं तुमच्या वाट्याचं होतं, ते त्याला मिळालं.

दवाखान्यात कार्डिओग्राम काढला आणि त्याला आडवाच केला. उठू दिलं नाही. उद्या अँजिओग्राफी आहे. पुढे काय निघेल ते मला माहीत नाही, डॉक्टरांनीही सांगितलं नाही. शहाद्याला त्याच्या बायकोला मीच फोन केला. ती निघाली आहे. आडवा पडून भिला एकच धोशा लावून होता, "वहिनी, साहेब असते तर रागावले असते. पहिलाच दिवस आणि मी इथं." मी म्हटलं, "साहेबांचं नाव काढलंस तर सलाईन मी स्वतः ओढून काढेन." दुपारी कंपनीतून फोन आला, मॅडम, भिला तुमच्याकडे आलाय का, बॉयलरची माणसं खोळंबली आहेत. मी सांगितलं, त्याची दुरुस्ती चालू आहे, बॉयलर पुढच्या दिवाळीत बघा. फोन ठेवला. तीस वर्षांत पहिल्यांदा मी तुमच्या कंपनीला नाही म्हटलं. आधीच म्हणायला हवं होतं.

संध्याकाळी घरी आले तर रमण पायरीवर बसून होता. त्यानं पहार धुऊन भिंतीला लावून ठेवली होती. झाडाभोवती सकाळी आखलेला गोल तसाच होता. त्यानं विचारलं, "बेन, आता? उद्या मी एकटा येऊन काढू?" त्याच्या पिशवीत ओल्या फडक्यात बांधलेलं कढीपत्त्याचं पिलू होतं, नरोलीहून आणलेलं. तुमच्याच सांगण्यावरून.

मी ते पिलू हातात घेतलं. पान चुरगाळून वास घेतला. ज्योत्स्नाबेनच्या अंगणाचा, त्या अकरा बिऱ्हाडांच्या नळाचा, आपल्या पत्र्याच्या खोलीतल्या पहिल्या आमटीचा वास. मग मी रमणला म्हटलं, हे तू किलवणीला घेऊन जा, तुझ्या वाडीत लाव. तो गोंधळला. मग भरपूर पाणी घाल, एवढंच मी त्याला सांगितलं.

तो गेल्यावर मी व्हॉल्व्ह उघडला आणि तुमच्या खुर्चीत बसले. झाडाची एक फांदी या पावसाळ्यात सरळ वर निघाली आहे. अशी फांदी निघाली की तुम्ही ती लगेच छाटायचात. बुटक्या झाडाला कधीतरी आपली मूळ जात आठवते, असं तुम्ही म्हणायचात, तिला राहू दिलं तर ते उंच व्हायला बघतं. यंदा ती तुम्ही छाटली नव्हतीत. तीही शटडाउनसाठी ठेवली असणार. मी हात लावणार नाही. जाऊ दे तीनशे फूट, पटेलकाकांच्या गच्चीवर सावली पडली तरी चालेल.

मग आतून रजिस्टर आणलं. ०२ पुढे नुसतं पेन टेकवलं. पान भिजायला लागलं, फवाऱ्यानं. मग ०३ वर आले. मूळ जागी कढीपत्ता लावणे, रेडवुड मागे हलवणे, गेलं तर गेलं. ते सगळं मी खोडलं. तुम्ही एकट्यानं, माझ्या पाठीमागे मिटवून टाकलेलं भांडण मला मंजूर नाही. उद्या फोडणी करताना मी पुन्हा विचारणार आहे, रेडवुड घालू का, आणि परवाही, आणि या घरात चूल पेटेल तोवर रोज. कारवाईच्या रकान्यात लिहिलं: झाड हलवायचं नाही. भांडण चालू.

आणि खाली सही केली.